लॉन्सवरचा सत्कार

सत्कार म्हटलं की आता माझ्या डोक्यात तिडीक जाते. कॉलनीत कुणाच्या मुलाला दहावीला बरे मार्क पडले, शाल-नारळ आणला, माइक लावला, की मी काहीतरी कारण काढून घरातच बसते. शेजारणी म्हणतात, हिला कुणाचं चांगलं बघवत नाही. म्हणू देत. मला घडी घातलेली शाल बघवत नाही, एवढंच आहे ते.

मी अंबडच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला आहे. इलेक्ट्रिकचे स्विच आणि पॅनल बनतात तिथे. टाइम ऑफिस म्हणजे कोण किती वाजता आलं, कुणाची रजा, कुणाचा लेटमार्क, आणि कामाच्या मधल्या वेळेत कुणाला बाहेर पडायचं असेल तर त्याचा गेटपास. पासाचं पुस्तक आणि शिक्का चोवीस वर्षं माझ्या ताब्यात. माझा शिक्का नसेल तर वॉचमन खुद्द ब्रह्मदेवालाही गेटबाहेर सोडत नाही, आणि ही शिस्त मी लावली असं मी मोठ्या तोऱ्यात सांगायचे. कुणी खिडकीशी येऊन "मॅडम, फक्त पंधरा मिनिटं" म्हणालं की माझं वाक्य ठरलेलं, "तसं देता येत नाही." आधी सेक्शनच्या साहेबांची सही, मग माझा शिक्का. नवरा घरी चेष्टा करायचा, यम न्यायला आला तरी ही आधी त्याच्याकडे सही मागेल. मी पण हसायचे.

पंचवटी कारंजावर मी कंपनीच्या बसमध्ये चढायचे आणि शेजारची खिडकीची जागा पर्स ठेवून धरायचे. द्वारका चौकात पुलाखालून ती चढायची. तिचं नाव लिहीत नाही. सतरा वर्षं बसमध्ये माझ्या शेजारी बसली, एवढी ओळख पुरे. माहेर कळवणकडचं, कामाला असेंब्ली लाइनवर, हाताने इतकी चपळ की सुपरवायझर नव्या मुलींना तिच्या मागे उभं करायचे. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, म्हणून मला ताई म्हणायची. रोज डब्यात माझ्यासाठी काहीतरी जास्तीचं. मी म्हणायचे, "अगं, माझं वजन बघ जरा." ती म्हणायची, "वजन काय करायचंय ताई, तू कुठं नाचायला जाते हाय?"

तीन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याची किडनी गेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. ती डायलिसिस म्हणायची नाही, "मशीन" म्हणायची. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दुपारी दोन वाजता. त्यासाठी तिने कायमची पहिली पाळी मागून घेतली होती आणि त्या तीन दिवशी ती एक वाजता निघायची. त्या पासावर सेक्शनच्या साहेबांची सही आधीच असायची आणि मी सकाळीच शिक्का मारून ठेवायचे. सगळा खर्च कंपनीच्या मेडिकल कार्डावर. ते कार्ड ती पाकिटात देवाच्या फोटोमागे ठेवायची. एकदा पावसात रस्ता तुंबला आणि मशीनची वेळ चुकली. दुसऱ्या दिवशी त्याच्या छातीत पाणी भरलं, श्वास लागेना, चार दिवस काचेच्या खोलीत होता. तेव्हापासून तिला दोन वाजता या शब्दाचीच धास्ती. घड्याळात साडेबारा झाले की तिचे हात काम करत असायचे आणि डोळे गेटकडे.

गेल्या वर्षीची गोष्ट. साहेबांनी, म्हणजे आमच्या कारखान्याच्या मुख्य साहेबांनी, मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, दीर्घ सेवा केलेल्या कामगारांचा सत्कार करायचा आहे. शनिवारी, औरंगाबाद रोडच्या लॉन्सवर. ही यादी. निमंत्रणं तुम्हीच करा. सगळ्यांना चांगल्या कपड्यांत यायला सांगा, फोटो काढायचे आहेत. आणि एक आमंत्रितही सुटायला नको."

यादीत साठ नावं. मी दोनदा वाचली. असेंब्ली लाइन जवळजवळ सगळी होती, तिचं नाव होतं, वीस वर्षांचा फिटर होता, अगदी चौदा वर्षंवाल्या दोघी पण होत्या. माझं नाव नव्हतं. चोवीस वर्षं! मला असा राग आला म्हणून सांगू. साहेबांना विचारलं, तर ते टेबलावरचं पेन सरळ करत म्हणाले, "तुम्ही आयोजकांमध्ये आहात, मॅडम."

आयोजक कसले डोंबलाचे! बसमध्ये मी दोन दिवस तोंड फुगवून बसले होते. ती समजूत काढायची. "ताई, माझी शाल तू घे. मला काय करायची, आमच्या घरात पुरुषमाणसालाच थंडी वाजते." मशीनवर असताना त्याला हुडहुडी भरायची, रक्त बाहेर फिरून येतं ना, म्हणून. मी म्हटलं, "नको मला उष्टा सत्कार." ती हसली आणि मी पण हसले, पण राग गेला नाही. आज तो राग आठवला की मला माझीच लाज वाटते.

मग लाइनवरच्या बायकांनी टूम काढली, कंपनी आपला सत्कार करतेय तर आपण साहेबांचा करायला नको का? आपल्याकडे कुणी नुसतं घेत नाही. पाहुण्याने लाडू आणला तर त्याचा डबा रिकामा परत जात नाही. वर्गणी काढली, आणि शाल आणायला मी आणि ती मेनरोडला गेलो. दुकानदार पातळ, चमकदार, सत्काराच्या म्हणून असतात तशा शाली दाखवायला लागला. तिने त्या बाजूला सारल्या. "नुसत्या फोटोपुरत्या नको. साहेब दिवसभर एसीत बसतात, अंगावर घेता येईल अशी द्या." गर्द विटकरी रंगाची, चांगली जाड, लोकरीची शाल तिने निवडली. हाताने चार वेळा चाचपून बघितली. नारळ पण स्वतः हलवून घेतला, पाण्याचा आवाज ऐकून.

शनिवारी सकाळी बस भरून निघालो. बायकांनी ठेवणीतल्या साड्या नेसल्या होत्या, दोघींनी तर पैठणी. फिटरने फेटा बांधला होता आणि त्यावरून सगळी बस त्याला नवरदेव म्हणून चिडवत होती. ती हिरवी काठापदराची साडी नेसून आली होती. चढताच पहिलं वाक्य, "ताई, एकपर्यंत सुटेल ना?" मी म्हटलं, "साहेबच म्हणालेत, जेवून एकला मोकळे." तिने घरून नवऱ्याला आवरून, शर्ट घालून, दाराशी खुर्चीवर बसवून ठेवलं होतं. दीड वाजता जाऊन रिक्षात घालायचं आणि दोनला मशीन.

लॉन्सवरच्या हॉलमध्ये आदल्या दिवशी कुणाचं तरी लग्न झालं होतं. स्टेजवर झेंडूच्या माळा सुकत होत्या, मागे थर्माकोलची 'शुभविवाह' अशी अक्षरं, आणि नवरा-नवरीच्या दोन सोनेरी खुर्च्या. दारातच एका टोपलीत मोबाइल जमा करायला सांगितलं. कुणालाच वेगळं वाटलं नाही. कारखान्यात आम्ही रोज गेटवर मोबाइल जमा करतोच. सवयीने टोपलीत टाकले आणि आत गेलो.

आधी मिसळ. दही, पापड, जिलबी, सगळं. आग्रह करकरून वाढत होते. पुण्याच्या ऑफिसातून दोघे आले होते, एक काळ्या कोटातली मुलगी, माझ्या भाचीएवढी, आणि एक चष्मेवाला. ती मुलगी सगळ्यांना "आणखी घ्या ना" म्हणत होती. माझी सोबतीण मला म्हणाली, "किती गोड हाय गं पोरगी."

मग साहेब नवरदेवाच्या खुर्चीवर बसले. आमच्यातली सगळ्यात जुनी बाई स्टेजवर गेली, साहेबांच्या खांद्यावर शाल घातली, नारळ दिला. टाळ्या. साहेबांनी शाल सावरली आणि अंगावर तशीच ठेवून माइक हातात घेतला. पहिली पाच मिनिटं परिवार, कुटुंब, आपली माणसं. मग म्हणाले, "काही कठीण निर्णय घ्यावे लागतात." असेंब्ली लाइन दुसऱ्या राज्यात जाणार आहे. आज सगळ्यांनी सहकार्य करावं. कागदपत्रं तयार आहेत, आत एकेकाने येऊन सही करायची, आणि मग घरी जायचं.

कुणाला काही कळलंच नाही. मागच्या रांगेतल्या दोघांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या हो. मग हळूहळू बंद झाल्या. एक बाई मला विचारत होती, "म्हणजे सत्कार कधी आहे?" आणि त्याच क्षणी, खोटं कशाला बोलू, मला त्या यादीचा अर्थ कळला. यादीत माझं नाव नाही. म्हणजे मी राहणार! सगळ्यात आधी मला सुटल्यासारखं वाटलं. तिची आठवण त्याच्यानंतर आली.

लोक उठले, दाराकडे गेले. दार बंद. बाहेर गेटवर आमचे वॉचमन नव्हते, दुसरेच चारजण निळ्या कपड्यांत उभे होते. बस दिसेना. चष्मेवाला हसत म्हणाला, "बस डिझेल भरायला गेली आहे. सही झाली की गाड्या सोडतील. गेटवर पास दाखवायचा." आणि त्याने माझ्याकडे बघितलं. मग मला समजलं की आदल्या दिवशी साहेबांनी "पासाचं पुस्तक आणि शिक्का बरोबर घ्या" असं का सांगितलं होतं. मला वाटलं होतं, जेवणाच्या कुपनांवर मारायचा असेल.

स्टेजच्या मागे दोन खोल्या होत्या. एकीवर 'वरपक्ष' आणि दुसरीवर 'वधूपक्ष' अशा पाट्या. सह्या वधूपक्षाच्या खोलीत. तिथे मोठा आरसा, टेबलाच्या फटीत अडकलेल्या टिकल्या, फरशीवर हळदीचे डाग, कोपऱ्यात फुटक्या हिरव्या बांगड्या. सही करणाऱ्याला आरशासमोरच्या स्टुलावर बसवत होते, त्यामुळे सही करताना प्रत्येकाला आपलंच तोंड दिसत होतं. आणि दाराशी टेबल टाकून मी. मी नाव पुकारायचं, माणूस आत जाणार, राजीनाम्यावर सही करून बाहेर येणार, मग मी पासावर शिक्का मारायचा.

हो, राजीनामाच. मी वाचला तो कागद. 'मी वैयक्तिक कारणास्तव स्वेच्छेने राजीनामा देत आहे.' साठ कागद, छापलेले, शब्दन् शब्द सारखे. साठ जणांना एकाच शनिवारी, एकाच लॉन्सवर वैयक्तिक कारण! असले निर्लज्ज लोक मी आयुष्यात पाहिले नाहीत. पण हे मी मनात म्हणत होते, आणि तोंडाने नावं पुकारत होते.

आता जे सांगायचं ते सांगते. टाइम ऑफिसच्या कपाटात तिसऱ्या कप्प्यात एक जुना करार आहे. पूर्वी आमच्याकडे युनियन होती, तिने करून घेतलेला. युनियन मोडली, करार राहिला. त्यात एक कलम आहे. कंपनीने माणूस कमी केला तर त्याचं आणि त्याच्या घरच्यांचं मेडिकल कार्ड पुढे वर्षभर चालू ठेवायचं. माणूस स्वतः राजीनामा देऊन गेला तर कार्ड त्याच दिवशी बंद. त्या अख्ख्या हॉलमध्ये हे कलम माहीत असलेली कामगारांच्या बाजूची मी एकटी होते. तो करार मीच तीनदा टाइप केलाय. उभं राहून एक वाक्य ओरडायचं होतं फक्त, की सही करू नका. माझा आवाज असा आहे की बसमध्ये मागच्या सीटवर बसून ड्रायव्हरला हाक मारते. त्या दिवशी माझ्या तोंडातून साठ नावांशिवाय काही निघालं नाही.

फिटरने फेटा काढून हातात घेतला आणि सही करायला नकार दिला. मोठ्याने म्हणाला, "काढायचं तर तुम्ही काढा, मी कशाला लिहून देऊ?" त्याला वरपक्षाच्या खोलीत नेऊन बसवलं, समजावायला. त्याचं तसं होताना बघून बाकीचे आणखीच भेदरले. बायका एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या. कुणी रडत होतं, कुणी घरी फोन करायला टोपली शोधत होतं, टोपली आत कुठे तरी नेली होती. उकाडा मरणाचा, आणि पंखे फक्त स्टेजवर.

साडेबारा वाजता ती माझ्या टेबलाशी आली. तिचं नाव यादीत खूप खाली होतं. वाकून हळूच म्हणाली, "ताई, मला जायला लागंल. ते खुर्चीवर बसलेत."

मी म्हटलं, "माहितीये गं."

"सही काय, मी सोमवारी येऊन करंल. पळून थोडीच जाते हाय. तू एक पास दे नुसता. शिक्का तर तुझ्याच हातात हाय."

खरं होतं ते. शिक्का माझ्याच हातात होता. गेटवरचे चौघे राजीनामे बघत नव्हते, पासावरचा शिक्का बघत होते. शिक्का मारलेला एक कागद तिच्या मुठीत दिला असता तर ती दहा मिनिटांत औरंगाबाद रोडला रिक्षात असती. राजीनामा न देता. कार्ड चालू ठेवून. कोटातली मुलगी माझ्या शेजारी बसून पास मोजत होती, हे खरं. पण मोजत होती म्हणून काय, माझा हात धरला असता का तिने? आणि धरला असता तरी?

मी म्हटलं, "तसं देता येत नाही गं."

चोवीस वर्षं जे वाक्य बोलले तेच. आवाजही तोच, खिडकीतला. तिने माझ्याकडे एकदा बघितलं. राग नव्हता, नुसतं बघितलं. घड्याळाकडे बघितलं. मग विचारलं, "मग करू का सही?"

मी मान हलवली.

सही करणाऱ्यांची रांग मोडून मी तिचं नाव आधी पुकारलं, एवढा उपकार केला. ती आत गेली. उघड्या दारातून आरशात मला ती दिसत होती, हिरव्या साडीत, तोंडाला पावडर लावलेली, खाली वाकून लिहिताना. बाहेर आली तेव्हा मी पासावर शिक्का मारला. घाईत तो उलटा पडला. पुन्हा सरळ मारला. ती पळत गेली.

त्या दिवशी मशीन मिळालं त्याला. दोनला पोचले, पंधरा मिनिटं उशिरा घेतलं, पण घेतलं. सोमवारी राजीनामे ऑफिसात पोचले तसं कार्ड बंद झालं, आणि मंगळवारी तिला दवाखान्याच्या काउंटरवर ते कळलं.

संध्याकाळी पाचपर्यंत सगळ्यांच्या सह्या झाल्या, फिटर सोडून. पाचला लॉन्सवाल्याचा माणूस आला, म्हणाला, सातला साखरपुडा आहे, हॉल रिकामा करा. झालं! फिटरला सोडून दिलं. त्याला नंतर घरी कामावरून कमी केल्याचं पत्र आलं. साहेब केव्हाच निघून गेले होते, शाल नवरदेवाच्या खुर्चीवरच टाकून. नारळही तिथेच. ती शाल मी उचलून पर्समध्ये कोंबली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या घरी नेऊन दिली. म्हटलं, "तूच निवडली होतीस, तूच ठेव." तिने घेतली. चहा केला. मला जास्तीची साखर घातली.

तेव्हापासून दर रविवारी मी तिच्याबरोबर जाते. आता ते एका धर्मादाय दवाखान्यात जातात, गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथे आठवड्यातून दोनदाच नंबर लागतो, रविवार आणि बुधवार. तीनदा लागायचं तिथे दोनदा. त्याचा चेहरा सुजतो, पाय सुजतात. त्याचं पाणी मोजून प्यायचं असतं, आणि तो माणूस पेल्याकडे ज्या नजरेने बघतो ते मला बघवत नाही. ती एका दुकानात पॅकिंगला लागली आहे. मशीनवर घेतलं की तो कुडकुडतो, मग ती त्याच्या अंगावर ती विटकरी शाल पसरते. साहेबांच्या एसीसाठी घेतलेली. चांगली ऊबदार आहे, वॉर्डातले लोक विचारतात कुठून घेतली.

मी प्रत्येक रविवारी ठरवून जाते, की आज सांगायचं. करार मला माहीत होता, पास माझ्या हातात होता. बाकावर तिच्या शेजारी बसते, बसमध्ये बसायचे तशीच, आणि तिच्या डब्यातलं खाऊन परत येते. सोमवारी कामावर. नोकरी सोडावी असं शंभरदा मनात आलं. सोडून काय करू? माझ्या वयाला कोण घेतं? घर माझ्याच पगारावर चालतं. मग पुन्हा बस, पुन्हा द्वारका. द्वारकेला बस थांबते तेव्हा अजून माझी पर्स शेजारच्या सीटवर असते. कुणी बसायला आलं की मी उचलते, पण एक क्षण उशिरा.

परवा साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. शनिवारी सत्कार आहे म्हणाले. ऑफिस स्टाफचा, दीर्घ सेवेबद्दल. त्याच लॉन्सवर. निमंत्रण छापील होतं, आणि या वेळी वर माझं नाव होतं. पासाचं पुस्तक आणि शिक्का शुक्रवारीच नव्या मुलीकडे सोपवा, तिला काम समजावून द्या, असंही म्हणाले. मी 'बरं' म्हटलं. बाहेर येऊन बाथरूममध्ये उभी राहिले, आणि मला हसूच आलं. चोवीस वर्षं, नाही, आता पंचवीस, आणि शेवटी झाला बाई माझा सत्कार.

काल रविवार. वॉर्डात बाकावर बसल्यावर मी निमंत्रण तिला दाखवलं. तिने वाचलं. मग उठून नवऱ्याच्या पायावरची शाल सारखी केली आणि परत येऊन माझ्याकडे तोंड करून बसली.

"ताई, ऐक. सही करू नको हां. आपला तो फिटर भेटला मला मागच्या महिन्यात. त्यानं सही केली नाय ना, तर त्याच्या आईचा दवाखाना अजून चालू हाय. कंपनीत म्हणे असा कागदच हाय जुना. सही केली तर बंद, नाय केली तर वर्षभर चालू. आपल्याला कुठं ठाऊक असतं गं असलं?"

माझ्या हातात डब्याचं झाकण होतं, ते मी लावत राहिले. बसतच नव्हतं.

"ते दमवतील तुला, पण बसून राहा. पाचला सोडतातच. तुला कुठं दोन वाजता पोचायचं हाय?" तिने माझ्या हातातून झाकण घेतलं आणि एका दाबात लावून दिलं. "त्या दिवशी मला सांगायला कोणी नव्हतं बघ. म्हणून तुला सांगते."

मी मान हलवली. तेवढंच येतं मला.